जनुक-नियमनाचे जाळे चित्रात मांडताना: कोणते सॉफ्टवेअर, आणि त्याआधी काय

नमस्कार. उत्तर नेमक्या कशाला देतो आहे हे स्पष्ट राहावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पाण्याचा ताण दिलेल्या भाताच्या दोन वाणांचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा, म्हणजे कोणते जनुक किती व्यक्त होते ते मोजणारा, डेटा तुमच्याकडे आहे. ताण दिलेली आणि न दिलेली रोपे, प्रत्येकी तीन पुनरावृत्ती, असे एकूण १२ नमुने. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांची, म्हणजे इतर जनुकांचे नियमन करणाऱ्या प्रथिनांची, यादी देऊन तुम्ही त्यावर जिनी-३ ही कोणता नियामक कोणत्या जनुकाशी जोडलेला असावा याचे अनुमान करणारी पद्धत चालवली, आलेल्या निकालातील वरच्या ५,००० ओळी सायटोस्केप या जाळी काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या आणि पडद्यावर नुसते गुंतवळ उमटले. मग गेफी हे तशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरून पाहिले, तर तेच गुंतवळ रंगीत झाले. प्रबंधासाठी ‘कोणता फॅक्टर कोणत्या जनुकाला चालू करतो आणि कोणाला दाबतो’ हे बाणांसह दाखवणारे चित्र मार्गदर्शकांनी मागितले आहे आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे तुम्ही विचारता.

सॉफ्टवेअरचे नाव लगेच सांगता येईल आणि पुढे सांगणारही आहे. पण तुमची अडचण सॉफ्टवेअरची आहे असे मला वाटत नाही. जनुक-नियमनाच्या चित्रातील प्रत्येक रेघ हा एक दावा असतो. ‘अ’पासून ‘ब’कडे बाण काढला की, ‘अ’ हे नियामक प्रथिन ‘ब’ या जनुकाच्या नियंत्रण-क्षेत्रावर बसते आणि त्यामुळे ‘ब’चे व्यक्त होणे वाढते, असे तुम्ही म्हणत असता. रेघेच्या टोकाला बाणाऐवजी आडवी दांडी काढली, तर ते घटते असे म्हणत असता. ५,००० रेघा काढणे म्हणजे असे ५,००० दावे एकाच पानावर करणे होय, आणि त्यांतील किती दाव्यांच्या बाजूने तुम्ही उभे राहू शकता हा खरा प्रश्न आहे. तो सुटला की चित्र लहान होते, आणि लहान चित्र बहुतेक कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट निघते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते आधीच सांगतो. चित्र कशासाठी हवे, स्वतः डेटा न्याहाळण्यासाठी की छापण्यासाठी, यावर साधन बदलते. जाळे अनुमानातून आले आहे की एकेका रेघेमागे प्रयोग आहे, यावर चित्राची भाषा बदलते. वीस जनुके असतील तर एक पद्धत चालते, दोनशे असतील तर दुसरी, आणि दोन हजार असतील तर नोड (जनुक दाखवणारे ठिपके) आणि रेघा यांचे चित्र काढूच नये असे माझे मत आहे. तुमच्या बाबतीत चित्र छापण्यासाठी हवे आहे, जाळे अनुमानातून आले आहे आणि जनुकांची संख्या अजून ठरायची आहे, असे धरून पुढे लिहितो.

सुरुवात तुमच्या फाइलपासून करू. जिनी-३च्या निकालात तीन स्तंभ असतात: नियामक जनुक, लक्ष्य जनुक आणि वेट. ही पद्धत प्रत्येक जनुकाची पातळी इतर नियामकांच्या पातळीवरून ओळखण्यासाठी निर्णय-वृक्षांचे रान उभे करते आणि त्या ओळखण्यात कोणत्या नियामकाचा किती उपयोग झाला ते वेटमध्ये नोंदवते. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही तुमच्या चित्राच्या मुळाशी आहेत. पहिली, वेट कधीही ऋण नसते. उपयोग झाला एवढेच ते सांगते. नियामक वाढल्याने लक्ष्य वाढले की घटले, हे त्यात नसतेच. म्हणजे तुमच्या मार्गदर्शकांना हवा असलेला ‘चालू’ आणि ‘दाबणे’ यांतील भेद या फाइलमध्ये कुठेही नाही, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरमधून निघणार नाही. दुसरी, या वेटला संख्याशास्त्रीय अर्थ नाही, ते केवळ क्रम लावण्यासाठी आहे. जिनी-३ करणाऱ्यांनी स्वतःच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले असून अमुक वेटच्या वरचे खरे अशी कोणतीही प्रमाण मर्यादा नाही, असाही इशारा दिला आहे. समजा १,५०० फॅक्टर आणि २०,००० जनुके असतील, तर शक्य जोड्या ३ कोटी होतात. त्यांतील वरच्या ५,००० का घ्यायच्या आणि ४,००० किंवा ६,००० का नाहीत, याला उत्तर नसते. परीक्षकांनी हेच विचारले तर काय सांगाल, याचा विचार आत्ताच करून ठेवा.

अशा अनुमानांवर किती भरवसा ठेवावा, याचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण देतो. ड्रीम-५ या खुल्या स्पर्धेत तीसहून अधिक अनुमान-पद्धती एकाच डेटावर पारखल्या गेल्या आणि २०१२ साली ते काम नेचर मेथड्स या नियतकालिकात आले. सर्व पद्धतींचे निकाल एकत्र करून इ. कोलाय या जिवाणूचे सुमारे १,७०० रेघांचे जाळे तयार केले गेले, तेव्हा त्याची अचूकता अंदाजे ५० टक्के धरली गेली. त्यांतील आधी माहीत नसलेल्या ५३ रेघा प्रयोगाने तपासल्या, तर २३ रेघांना पुष्टी मिळाली. हे सर्वांत जास्त अभ्यासलेल्या जिवाणूबद्दल आणि तुमच्या १२ नमुन्यांपेक्षा कितीतरी मोठ्या डेटाबद्दल आहे. त्याच स्पर्धेत यीस्टच्या बाबतीत निकाल बराच कमजोर होता, आणि भाताचे नियमन यीस्टपेक्षा सोपे असण्याचे काही कारण नाही. हे तुम्हाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. अनुमानातून आलेली रेघ ही ‘पुढे तपासण्याजोगी शक्यता’ आहे, हे एकदा मान्य केले की चित्र प्रामाणिकपणे काढता येते आणि त्याचा उपयोगही होतो.

तुमच्या १२ नमुन्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोन वाण आणि दोन अवस्था म्हणजे प्रत्यक्षात चार गट झाले. या चार गटांत ज्या ज्या जनुकांची पातळी एकाच तऱ्हेने वरखाली होते, ती सर्व एकमेकांशी जोडलेली दिसणारच. एखादा फॅक्टर पहिल्या वाणात मुळातच जास्त असेल, तर त्या वाणात जास्त असलेली शेकडो जनुके त्याची लक्ष्ये म्हणून वर येतील, मग त्यांचा परस्परांशी काही संबंध असो वा नसो. म्हणजे जाळ्यात जे दिसते ते नियमन नसून तुमच्या प्रयोगाची रचनाच असू शकते.

हे मी अनुभवावरून लिहितो. कामाच्या पहिल्या काही वर्षांत असेच एक जाळे काढले होते. त्यात एका फॅक्टरपासून शंभराहून अधिक रेघा निघत होत्या, लेआउटने, म्हणजे नोडच्या जागा आपोआप ठरवणाऱ्या कृतीने, त्याला बरोबर मध्यभागी बसवले होते आणि मी त्याला गडद लाल रंग देऊन मोठे केले होते. चित्र इतके बोलके झाले की, सोबत काम करणाऱ्या प्रयोगशाळेने त्या जनुकाचे उत्परिवर्तित रोप तयार करण्याची जुळवाजुळव सुरू केली. चार महिन्यांनी एका सहकारी बाईंनी सहज विचारले की, सगळी पाने एकाच दिवशी खुडली होती का? खुडली नव्हती. अर्धी आदल्या दिवशी आणि अर्धी दुसऱ्या दिवशी खुडली होती, आणि आरएनएही वेगवेगळ्या दिवशी काढला होता. तो फरक गणितात धरल्यावर त्या लाल नोडच्या शंभरातल्या चार-पाच रेघा उरल्या. दुसऱ्यांचे चार महिने माझ्या चित्रामुळे गेले, याची बोच अजून आहे. तेव्हापासून ज्या नोडला फार रेघा दिसतात, त्याची पातळी मी प्रत्येक नमुन्यात आधी साध्या ठिपक्यांच्या आलेखात पाहतो आणि मगच त्याला जाळ्यात जागा देतो.

मग रेघा कमी करायच्या कशा? केवळ वेटची मर्यादा वर सरकवून नव्हे. तसे केल्याने गुंतवळ लहान होते, पण उरलेल्या रेघा का उरल्या याला कारण मिळत नाही. मी तीन चाळण्या लावतो. पहिली चाळणी प्रश्नाची: तुमच्या प्रबंधाचा प्रश्न ताण सोसण्याचा असेल, तर ताणाने ज्यांची पातळी लक्षणीय बदलली तेवढीच जनुके आणि फॅक्टर ठेवा. दुसरी चाळणी स्वतंत्र पुराव्याची: लक्ष्य जनुकाच्या प्रवर्तक भागात (जनुकाच्या सुरुवातीजवळच्या नियंत्रण-क्षेत्रात) त्या फॅक्टरची बसण्याची खूण आहे का, हे पाहा. नॅक कुळातील फॅक्टरांना सीएसीजी हा डीएनएच्या अक्षरांचा गाभा लागतो, बीझिप कुळातील अनेकांना एसीजीटी गाभ्याची खूण लागते, आणि ड्रेब फॅक्टर सीसीजीएसी असलेल्या खुणेवर बसतात. जास्परसारख्या मुक्त संग्रहात या खुणांचे तक्ते मिळतात. इतके छोटे गाभे योगायोगानेही जागोजागी सापडतात, म्हणून केवळ गाभा शोधू नका. पूर्ण तक्ता वापरा आणि त्या फॅक्टरच्या लक्ष्यांत ती खूण इतर जनुकांपेक्षा जास्त वेळा येते का, ते तपासा. एकेका पेशीच्या डेटासाठी २०१७ साली आलेली सिनिक ही पद्धत नेमके हेच करते: आधी जिनी-३सारखे अनुमान, मग खुणेच्या आधारे छाटणी. तीच कल्पना तुम्ही हाताने राबवू शकता. तिसरी चाळणी दोन्ही वाणांची: फॅक्टर आणि लक्ष्य यांच्यातील सहसंबंधाची दिशा (एक वाढता दुसरे वाढते की घटते) दोन्ही वाणांत वेगवेगळी काढून पाहा. दोन्हीकडे ती सारखी असेल तर रेघ ठेवा. सहा-सहा नमुन्यांवर हा पुरावा भक्कम होत नाही, पण केवळ वाणांच्या फरकामुळे उगवलेल्या पुष्कळ रेघा यात गळतात.

सहसंबंधाच्या या दिशेतूनच तुम्हाला बाण की दांडी हे ठरवता येईल. मात्र चित्राखालील मजकुरात ‘धन सहसंबंध’ आणि ‘ऋण सहसंबंध’ असेच लिहा. ‘चालू करतो’ आणि ‘दाबतो’ हे शब्द ज्या रेघांना प्रयोगाचा आधार आहे, त्यांच्यासाठी राखून ठेवा. मार्गदर्शकांना हा फरक समजावून सांगितला तर ते नक्की मान्य करतील.

इथवर आल्यावर ५,००० रेघांच्या साधारण साठ-सत्तर उरतील असे धरू. आता सॉफ्टवेअर. तुमच्या कामासाठी मी सायटोस्केपच सुचवेन, म्हणजे जे तुमच्याकडे आहे तेच. सिएटलच्या इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायॉलॉजीत त्याचा आरंभ झाला आणि २००३ साली जीनोम रिसर्चमध्ये त्याचा लेख आला. ते मोफत व मुक्त-स्रोत आहे आणि नोड व रेघ यांच्यासोबत माहितीचे तक्ते बाळगून त्या माहितीवरून रूप ठरवणे, हे त्याचे खरे बलस्थान आहे. हे बलस्थान न वापरता नुसते चित्र काढले, तर सायटोस्केप निवडल्याचा फायदा मिळत नाही.

ते कसे वापरायचे, हे एका रेघेपुरते बारकाईने सांगतो. फाइल देण्याआधी आर किंवा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत त्यात दोन स्तंभ वाढवा: एक ‘इंटरॅक्शन’, ज्यात पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असेल, आणि दुसरा ‘एव्हिडन्स’, ज्यात ती रेघ केवळ अनुमानातून आहे, अनुमान आणि खूण दोन्हींतून आहे की छापील प्रयोगातून आहे, हे असेल. आयात करताना नियामकाला सोर्स, लक्ष्याला टार्गेट आणि पहिल्या नव्या स्तंभाला इंटरॅक्शन अशी भूमिका द्या. सुरुवातीच्या शैलीत बाणच नसतात, त्यामुळे ‘दिशा गेली कुठे’ असे वाटून अनेक जण इथे अडकतात. दिशा माहितीत असते, फक्त दिसत नसते. स्टाइलच्या पटलात रेघांच्या भागात टार्गेट ॲरो शेप निवडा, स्तंभ म्हणून इंटरॅक्शन द्या, मॅपिंग डिस्क्रीट ठेवा आणि पॉझिटिव्हला डेल्टा (त्रिकोणी बाण), निगेटिव्हला टी (आडवी दांडी) असा आकार द्या. लगेच ‘एज कलर टू ॲरोज’ या चौकटीत खूण करा, नाहीतर रेघ निळी आणि तिचे टोक काळे असे विजोड चित्र होते. एव्हिडन्सवरून रेघेचा प्रकार ठरवा: प्रयोगाची रेघ अखंड, खूण असलेली लांब तुकड्यांची, केवळ अनुमानाची ठिपक्यांची. ताणामुळे झालेला बदल नोडच्या रंगात दाखवा आणि शून्य बदल नेमका पांढऱ्यावर येईल असे पाहा. चालू आणि दाबणे यांसाठी हिरवा आणि लाल असे दोनच रंग वापरून थांबू नका. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे वाचक असतात, आणि प्रबंधाची प्रत बहुधा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येच फिरते. टोकाचा आकार मात्र झेरॉक्समध्येही टिकतो.

वेट रेघेच्या जाडीत दाखवायचे का? मी दाखवत नाही. जाड रेघ म्हणजे जास्त खात्री किंवा जास्त परिणाम, असे डोळा आपोआप धरतो आणि जिनी-३च्या वेटमध्ये यांपैकी काहीही नाही.

लेआउटबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात. फोर्स-डायरेक्टेड लेआउट रेघांना स्प्रिंग समजते आणि नोडना एकमेकांपासून दूर ढकलते. ज्याला रेघा जास्त तो मध्ये येतो, एवढाच त्याचा अर्थ. दोन नोडमधले अंतर, डावे-उजवे, वर-खाली यांना जीवशास्त्रीय अर्थ नसतो, आणि पुन्हा चालवल्यावर चित्र बदलू शकते. प्रीफ्यूज लेआउटच्या सेटिंगमध्ये निकाल दर वेळी तोच यावा असा पर्याय आहे, थोडा संथ असला तरी तो चालू करून ठेवा. उतरंडीचे लेआउट, ज्यात नियामक वर आणि लक्ष्ये खाली येतात, ते नियमनाच्या चित्राला जास्त शोभते. पण त्यातही सावध राहा. ‘अ’ ‘ब’ला आणि ‘ब’ पुन्हा ‘अ’ला नियंत्रित करत असेल, तर अशा वर्तुळात वर कोण आणि खाली कोण याला उत्तर नसते. मांडणीची कृती त्यातली एखादी रेघ मनातल्या मनात उलटी धरून कोणालातरी वर बसवते आणि पाहणाऱ्याला तोच प्रमुख वाटतो. साठ-सत्तर रेघांच्या चित्रात मी लेआउट फक्त सुरुवातीपुरते चालवतो आणि मग नोड हाताने सरकवतो. एका फॅक्टरची लक्ष्ये एकत्र आणि एकाच कामाची जनुके शेजारी अशी मांडणी करायला एक दुपार लागते, आणि ती वाया जात नाही. दोन वाणांची दोन चित्रे शेजारी द्यायची असतील, तर दोन्हींत प्रत्येक नोड त्याच जागी असला पाहिजे. त्यासाठी सायटोस्केपमधले कॉपीकॅट लेआउट आहे.

भाताच्या डेटात एक ठरलेली अडचण येते, ती इथेच सांगून ठेवतो. भाताच्या जनुकांना दोन नामावल्या आहेत: एकीत एलओसी-ओएस अशा अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात, तर दुसऱ्या म्हणजे रॅप नामावलीत थेट ओएसने सुरू होणारे आणि सात अंकांनी संपणारे असतात. जाळे एकीतले आणि बदलाचा तक्ता दुसरीतला असेल, तर आयात बिनतक्रार होते, पण सगळे नोड करडेच राहतात. असे दिसले की आधी क्रमांक ताडून पाहा. प्रतिलेखाच्या (जनुकावरून बनलेल्या आरएनए-प्रतीच्या) क्रमांकाला शेवटी टिंब-एक किंवा तत्सम शेपूट असते, ते काढलेले नसले तरी हेच होते. आणि यादी एक्सेलमध्ये उघडून साठवू नका. मानवी जनुकांत मार्च-१ आणि सेप्ट-२ यांसारख्या नावांच्या एक्सेलने इतक्या वेळा तारखा केल्या की, २०२० साली नामकरण समितीने ती नावेच बदलली.

आता दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण नियमनाचे चित्र म्हणजे काय हे मला त्यातूनच नीट कळले. बायोटॅपेस्ट्री हे खास जनुक-नियमनाच्या जाळ्यांसाठी बनवलेले मोफत सॉफ्टवेअर आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एरिक डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेत जांभळा समुद्री अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या गर्भाचे जाळे एकेका प्रयोगाने उभे राहत होते, त्या कामाच्या गरजेतून ते घडले. त्या जाळ्याचा पहिला मोठा लेख २००२ साली सायन्स या नियतकालिकात आला. या सॉफ्टवेअरमध्ये जनुक म्हणजे गोल ठिपका नसतो. आडवी रेषा म्हणजे त्याचे नियंत्रण-क्षेत्र, तिच्या टोकाला वळलेला बाण म्हणजे प्रतिलेखन जिथून सुरू होते ती जागा. येणारे संकेत त्या आडव्या रेषेवर वरून उतरतात आणि जनुकाचे स्वतःचे उत्पादन वळलेल्या बाणातून बाहेर पडते. एका जनुकाच्या सगळ्या रेघा एकाच रंगाच्या असतात आणि एका खोडातून फांद्या फुटाव्यात तशा काटकोनात वळत जातात, त्यामुळे कोणती रेघ कुठून आली ते बोट फिरवून शोधता येते.

त्या जाळ्यातला एक छोटा तुकडा पाहा. अर्चिनचा गर्भ १६ पेशींचा होतो तेव्हा एका टोकाला चार छोट्या पेशी वेगळ्या होतात, ज्यांच्या वंशातून पुढे सांगाडा बनतो. गर्भात इतरत्र सगळीकडे हेस-सी हे दमनकारी प्रथिन असते आणि ते अल्क्स-१, ईट्स-१, टीबीआर व डेल्टा या जनुकांना दाबून ठेवते. फक्त त्या छोट्या पेशींच्या वंशात पीमार-१ हे जनुक व्यक्त होते, आणि पीमार-१ हेस-सीलाच दाबते. दाबणाऱ्याला दाबल्यामुळे सांगाड्याची जनुके तिथे, आणि फक्त तिथेच, मोकळी होतात. याला दुहेरी नकाराचे द्वार म्हणतात. आता हाच तुकडा टोकाला आकार न देता साध्या रेघांनी काढा: पीमार-१, त्याला जोडलेले हेस-सी, त्याला जोडलेली चार जनुके. ही साखळी ‘एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने चौघांना चालू केले’ अशीच वाचली जाईल, म्हणजे वस्तुस्थितीच्या पूर्ण उलट. शिवाय हे द्वार एका जागी उघडे आणि बाकी सगळीकडे बंद असते, हे एका सपाट चित्रात मावतच नाही. बायोटॅपेस्ट्रीमध्ये जीनोमच्या पातळीवरचे एक संपूर्ण जाळे असते आणि त्याखाली प्रत्येक प्रदेश व प्रत्येक वेळ यांची उपचित्रे असतात, ज्यांत त्या वेळी निष्क्रिय असलेल्या रेघा करड्या होतात. तुमच्याकडे आज असा डेटा नाही, म्हणून हे सॉफ्टवेअर तुम्हाला आत्ता सुचवत नाही. पण चाळणीनंतर आठ-दहा जनुकांचा एखादा तुकडा असा निघाला की ज्यातली प्रत्येक रेघ तुम्ही छापील प्रयोगांनी सांगू शकता, तर प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात तो बायोटॅपेस्ट्रीमध्ये काढा. मुळे आणि पाने, ताणाआधी आणि ताणानंतर, असे वेगवेगळे प्रसंग त्यात नीट मांडता येतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. गेफी हजारो नोडची मोठी जाळी फिरवून पाहायला उत्तम आहे, पण नियमनासाठी हवी असलेली दांडीची टोके त्यात सहज मिळत नाहीत, म्हणून छापायच्या चित्रासाठी मी ते वापरत नाही. ग्राफव्हिझमध्ये चित्र मजकुरातून लिहायचे असते. ‘टी’ आकाराचे टोक आणि उतरंडीची मांडणी त्यात सुरेख येते, आणि डेटा बदलला की तेच चित्र एका आज्ञेत पुन्हा काढता येते. लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठात तयार झालेले जीआरएन-साइट ब्राउझरमध्ये चालते आणि छोट्या, धन-ऋण वेट असलेल्या जाळ्यांसाठी सोयीचे आहे. पायथॉनचे नेटवर्क-एक्स विश्लेषणासाठी आहे, चित्रासाठी नव्हे, असे ते करणारेच सांगतात. त्यात आकडेमोड करा आणि चित्रासाठी माहिती सायटोस्केपला पाठवा. स्ट्रिंग या प्रथिन-संबंधांच्या संग्रहाबद्दलही विचारले जाते. त्यातल्या नेहमीच्या रेघा प्रथिनांमधला कार्यात्मक संबंध दाखवतात, त्यांना नियमनाची दिशा नसते, म्हणून त्या तुमच्या नियमनाच्या रेघांमध्ये मिसळू नका.

चाळणीनंतरही दोनशे-तीनशे रेघा उरल्या आणि एकही गाळावीशी वाटली नाही, तर नोड आणि रेघा सोडून द्या व तक्ता काढा: आडव्या ओळींत फॅक्टर, उभ्या स्तंभांत लक्ष्य जनुके, आणि चौकटीत सहसंबंधाच्या दिशेचा रंग. दोन फॅक्टरांची लक्ष्ये किती सामाईक आहेत, हे गुंतवळात कधीच दिसत नाही. तक्त्यात एका नजरेत दिसते. अनेकांना तक्ता ‘जाळे’ वाटत नाही, पण माहिती तीच असते आणि ती वाचता येते. प्रबंधात तक्ता मुख्य ठेवून त्यातल्या दोन-तीन फॅक्टरांची छोटी जाळी शेजारी देणे, ही मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

चित्र झाल्यावर पीडीएफ किंवा एसव्हीजी रूपात काढा, पीएनजी नको, कारण छपाईत अक्षरे फुटतात. सायटोस्केपची सत्र-फाइल, मूळ रेघांची यादी आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एकत्र जपून ठेवा. शोधनिबंध देताना जाळे एनडेक्स या जाळ्यांच्या ऑनलाइन संग्रहावर ठेवता येते, तिथे त्याला डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि वाचक एकेक रेघ उघडून तिचा पुरावा पाहू शकतो.

आता तुम्ही लगेच काय करावे, तर एकच फॅक्टर घ्या. एसनॅक-१ हा भाताच्या नॅक कुळातला आहे. त्याची अभिव्यक्ती वाढवलेल्या रोपांनी शेतातही पाण्याचा ताण जास्त सोसला, हे २००६ सालीच प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल ताडून पाहायला छापील माहिती मिळेल. तुमच्या पूर्ण फाइलमधून त्याची वरची ३० लक्ष्ये काढा, वर सांगितलेल्या तीन चाळण्या लावा आणि उरलेले चित्र आधी कागदावर पेन्सिलीने काढा. प्रत्येक रेघ काढताना तिच्याजवळ तिचा पुरावा चार शब्दांत लिहा. ज्या रेघेजवळ लिहायला काही सुचणार नाही, ती खोडा. ३० पैकी किती उरल्या आणि कोणत्या चाळणीत किती गेल्या, ते आकडे इथे कळवा, म्हणजे उरलेल्या फॅक्टरांसाठी चाळणी किती बारीक ठेवायची ते आपल्याला ठरवता येईल.